सांगितलं तेवढंच

ता. ४ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

फोन करायचा सोडून ताईला पत्र लिहायची हुक्की कुठून आली, असं म्हणशील. अरे, दोन खोल्यांचं घर. मी फोनवर बोलले की पलंगावर ह्यांना सगळं ऐकू जातं, आणि मला बोलायचं असतं ते ह्यांच्याबद्दलच. ऐकू जातं, पण कळतं का, हे मात्र मला कळत नाही. अर्धांगाचा झटका आल्यापासून तोंडातून एक शब्द नाही. चहा हवा का विचारलं तरी मान हलवतात आणि पाऊस पडेल का विचारलं तरी तशीच हलवतात.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लिहून काही सांगतात का बघा. पेन बोटांतून गळून पडतं. माझा फोन हातात दिला, तर त्या गुळगुळीत काचेवर अंगठा घसरतो, एकदम चार-चार अक्षरं उमटतात, मग चिडून भिंतीकडे तोंड करतात. उभा जन्म टाइपरायटरवर काढलेला माणूस. बोटाखाली बटण लागल्याशिवाय त्यांना अक्षर कसं सापडणार? तुझ्या दुरुस्तीच्या दुकानाशेजारी बटणांचा एक स्वस्त फोन विकायला आलाय म्हणाला होतास. तो घेण्याजोगा आहे का, नीट पारखून सांग. मला बरं वाटावं म्हणून गोड बोलू नकोस.

जेवणं वेळेवर करत जा. तुझी माया आहे, ती अशीच राहू दे.
तुझी,
ताई

ता. ११ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोन आणला, पोट उघडून बघितलं आणि चार दिवस स्वतः वापरला. गोड बोलू नको म्हणालीस, तर ऐक. बॅटरी दुपारीच मान टाकते. फोटोत सख्खा भाऊ ओळखू आला तर नशीब. पडदा बिस्किटाएवढा, आणि मागचं झाकण दाबलं की कुरकुरतं, तुझ्या जुन्या खाटेसारखं. गिऱ्हाइकाने विचारलं असतं, तर पैसे पाण्यात घालू नका म्हणालो असतो.

पण बटणं चांगली आहेत, ताई, टाइपरायटरसारखं अक्षरागणिक वेगळं बटण. प्रत्येक बटणाला मधोमध उंचवटा आहे. डोळे मिटूनही बोटाला कळतं, आणि दाबलं की टक् असा आवाज येतो. शेजारची दोन एकदम दाबली जात नाहीत. अक्षरांची जुळणी मी भाऊजींच्या टाइपरायटरसारखी करून, बटणांवर अक्षरं चिकटवून दिली आहेत. दुकानदार महिनाअखेरपर्यंत परत घेईल. त्याची खरी किंमत मी सांगू शकत नाही, ती भाऊजीच ठरवतील.

भाऊजींना नमस्कार. रागावलीस तरी चालेल, पण लोभ कमी करू नकोस.
तुझा,
धाकटा

ता. २२ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

फोन मिळाला, पण बरेच दिवस तो कपाटात टॉवेलांखाली ठेवला. खरं सांगू? मला भीती वाटत होती. तो कपाटात होता तोवर मला म्हणता येत होतं, की आत सगळं शाबूत आहे, बाहेर यायला वाट तेवढी सापडत नाही. वाट करून दिली आणि कुणीच आलं नाही तर?

काल धीर केला. उशी लावून बसवलं, मांडीवर पाट ठेवला, त्यावर फोन. म्हटलं, मनात असेल ते लिहा, काहीही लिहा. त्यांनी बटणांवरून बोटं फिरवली, अगदी जुन्या सवयीने. मग बोटं ठेवून नुसते बसून राहिले. माझ्याकडे बघत होते. मी बघत होते त्या रिकाम्या पडद्याकडे. एक टिंबसुद्धा उमटलं नाही.

हल्ली भांडी घासताना मी नळ मोठा सोडते. तेवढंच मोकळं होता येतं, ह्यांना ऐकू जात नाही. फोन परत करायचा म्हणते. दुकानदाराला सांगून ठेव.

तू मात्र जिवाला लावून घेऊ नकोस.
तुझी,
ताई

ता. २५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दुकानदाराला काही सांगितलेलं नाही. तुझं पत्र वाचलं आणि माझ्या पहिल्या नोकरीचा अर्ज आठवला. मी भाऊजींना म्हटलं होतं, तुम्हीच छानसं काहीतरी लिहा. ते बटणांवर बोटं ठेवून बसले, आणि बसलेच. शेवटी म्हणाले, अरे सांग ना, सांगितल्याशिवाय हात कसा हलेल? मग मी सांगितलं तसं, माझ्या घोडचुकांसकट, सगळं टाइप केलं. चुका का नाही सुधारल्या म्हणून मी भांडलो, तर म्हणाले, सांगितलं तेवढंच करायचं, पदरचा शब्द घालायचा नाही. साहेब तीन बदलले, पण हा नेम नाही बदलला.

आणि तू त्या माणसाला म्हणालीस, मनातलं लिहा! ताई, तू साहेब हो. समोर खुर्ची घे आणि मजकूर सांग.

नाही जमलं तर पुढे काय, मला माहीत नाही. भीती मलाही वाटते आहे. तरी एकदा बघ.

तुझ्या रागालोभाचा धनी,
धाकटा

ता. २९ मार्च

चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद. मी सांगते आहे आणि हे टाइप करताहेत. चिरंजीव म्हटलं आणि टक् वाजलं, तशी मी पुढचं विसरलेच. थांबा हो जरा. हे नका घेऊ. अहो, हे पण नाही. बघ, सगळं घेताहेत. स्वल्पविराम मी सांगत नाही, ते आपोआप देताहेत. बॅटरी संपत आली वाटतं. तुझं सगळं खरं निघालं. मी साहेब झाले आहे. डोळे पुसून घेते, एक मिनिट. आमची काळजी करू नकोस. मी अगदी मजेत आहे, वेळेवर जेवते, शांत झोपते. तू इकडे यायची घाई करू नकोस, दुकान सांभाळ. माया असू दे. तुझी, ताई. झालं, पुरे. छापायला न्यायचं आहे, पैसे घेऊन येते.

मजेत नाही. जेवत नाही. नळ सोडून रडते, मला ऐकू येतं. तू ये.

ता. क. हे हाताने लिहिते आहे. कोपऱ्यावरच्या दुकानातून पत्र छापून आणलं, तेव्हा खालची ओळ वाचली. ती मी सांगितलेली नाही. फोन परत मिळणार नाही, असं दुकानदाराला सांग. आणि ये.