भाऊच्या गाडीची चाबी

सिंदी (रेल्वे)

चि. कैलास यास,

प्रभाकरकाकाचे पोटभर आशीर्वाद. तुही तब्येत, सूनबाईची तब्येत, पुण्याची हवा, सारं बरं असंन. माहा गुडघा सोडला तर इकडंही ठीक आहे. फोन केला नाई, काऊन का घरातला फोन तुही आई उचलते, अन् ही गोष्ट तिच्यासमोर बोलायची माही हिंमत नाई.

भाऊ (म्हणजे तुहे बाबा) जाऊन दीड वर्ष झालं. तू म्हटलं, गाडी विकून टाका, दिवाळी झाली का आई पुण्यालेच येते. मी सेलूचं गिऱ्हाईक पाह्यलं, ते पाडव्याले गाडी न्यायले येते. आता ऐक. दसऱ्याले वहिनीनं गाडीची पूजा केली. हळदकुंकू, झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, सारं भाऊ करत तसंच. मी गाडी पुढं घेतली, लिंबू चिरडलं, गाडी अंगणात उभी केली, बंद केली. अन् चाबी काही निघेना! हलवली, तेल सोडलं, मारुतीचं नाव घेतलं. (तुही मंजुषाकाकू म्हणे, तुमच्यानं लोणच्याच्या बरणीचं झाकण तरी कुठं निघते.)

तानबा मिस्त्री आला. दोन तास आत डोकं घालून बसला. चाबी अशीच राह्यली त बॅटरी उतरंन, म्हणून बॅटरी काढून दुकानात घेऊन गेला. जाता जाता म्हणे, काका, कुलपात काहीच बिघाड नाई, कोणीतरी आतून धरून ठेवल्यावानी वाटते. असं भरदुपारी बोलते का रे कोणी?

तवापासून मी लक्ष ठेवलं. मी बुटका, शीट पुढं ओढून ठेवतो. रोज सकाळी पाहावं त शीट पार मागं, भाऊच्या लांब पायांच्या हिशोबानं. आरसाही त्याइच्याच उंचीले लावलेला. तीन दिवस मी अंगणात पाय ठेवला नाई, मागच्या दारानं जाऊन राह्यलो.

मग मले दहावा आठवला. पिंडाले कावळा लगेच शिवलता अन् आपल्याले हायसं वाटलतं. पण एखादी इच्छा तवा सांगायची राहून गेली असंन, त ती आता चाबीत अडकली, असं मनानं घेतलं. म्हणून काल बारा वाजता आंघोळ करून गाडीत बसलो, चाबी धरली, डोळे गच्च मिटले अन् घाटावर बोलतात तसं बोललो. भाऊ, हिंगणीचं वावर कोणाले देणार नाई. चाबी ढिम्म. भाऊ, कैलासले पोटच्या लेकरासारखं पाहीन. ढिम्म. (तू वाईट वाटून घेऊ नको.) भाऊ, तुमची गाडी अन् वहिनी, दोघीही सिंदीतच राह्यतीन. हे तोंडातून कसं निघालं मले माहीत नाई. कट्ट आवाज झाला अन् चाबी हातात! देवाशपथ सांगतो, एवढ्या उन्हात ती गार होती.

आता दिलेलं वचन मोडता येत नाई, मेलेल्या माणसाले दिलेलं त नाईच नाई.

तुहा भेदरलेला काका,
प्रभाकर

ता. क. डोळे उघडले त बाजूच्या शीटवर वहिनी, हात स्टेरिंगवर. कधी येऊन बसली, पत्ता नाई. म्हणे, "भाऊजी, स्टेरिंग जरासं डावीकडं ओढल्याशिवाय ती निघतच नाई. ते नेहमी मलेच ओढायले लावत." शीट अन् आरसाही तीच करते, म्हणे त्याइचे पाय आखडतात. म्हणजे भूतबीत काही नाई. पण दसऱ्यापासून माहीत असून ती बोलली नाई, अन् ओढलं ते बरोबर तिसऱ्या वचनालेच.

ता. क. २. म्हणून सेलूवाल्याले तूच फोन करून नाई म्हण. अन् आईले पुण्याले ये म्हणू नको. तिले तुले नाई म्हणता येत नाई रे. तूच इकडं येजो.

ता. क. ३. बॅटरी अजून तानबाच्या दुकानातच आहे. हे लिहून राह्यलो त आत्ता अंगणात हॉर्न वाजला, दोन लहान अन् एक लांब, वावरातून जेवायले आले का भाऊ वाजवत तसा. वहिनी इथंच, माह्यासमोर बसलेली. उठली, पदर सारखा केला अन् दोन ताटं काढली.