बॉयलरवाल्याचं स्वागत

नॉर्दाल, मिनेसोटा
फेब्रुवारी, रविवारची दुपार

प्रिय रागनाबाई,

थोरल्या बहिणीचे भरपूर आशीर्वाद. नको असतील तर शेजारणीला देऊन टाक. तुझा गुडघा कसा आहे? माझा उजवा बरा आहे, डावा माझ्याशी बोलत नाही. हे पत्र आमच्या पास्टर मार्गितबाई लिहून घेताहेत. मला अक्षरओळख नाही हे तुला ठाऊकच आहे. (शाळेत अक्षरांनी मला पाहिलं, मी अक्षरांना पाहिलं, आणि दोन्हीकडून नकार आला.) पास्टरबाईंचाही उल्लेख पुढे यायचा आहे, तेव्हा त्यांनी तोंड वाकडं न करता लिहावं.

तुझा निरोप पोचला. तुझा नातू आयनार आमच्या चर्चमध्ये लग्न करतोय आणि तेही रूबेन नावाच्या मुलाशी, म्हणून तू येणार नाहीस. बरं. मी तुला ये म्हणणार नाही. आग्रह करणं माझ्या स्वभावात नाही. पण तू वर आणखी म्हणालीस की, ‘तुमच्या त्या चर्चमध्ये काय, कोणीही उठतो आणि आत येतो!’ अगं, कोणीतरी उठून आत यावं म्हणून आम्ही किती खस्ता खाल्ल्या, ते तुला कुठून कळणार?

गेल्या पानगळीत आमच्या मंडळीनं हात वर करून ठरवलं की देवाच्या घरात सगळ्यांचं स्वागत. काळा असो, गोरा असो, घटस्फोट झालेला असो, पुरुषावर जीव जडलेला पुरुष असो, बाईवर जीव जडलेली बाई असो, मनात शंका असलेला असो, आणि (हे आर्विड स्कोगेननं हट्टानं घालायला लावलं) बेसूर गाणारा असो. दारावर पाटी लागली. रंगीत. आणि कोणीही आलं नाही. नॉर्दालमध्ये नवीन माणूस म्हणजे एक तर आत्ताच जन्मलेला, नाही तर रस्ता चुकलेला.

शिवाय आपली माणसं तू ओळखतेस. आर्विड बायकोला ‘तू मला आवडतेस’ म्हणाला ते तिच्या ऑपरेशनच्या दिवशी, आणि तेही तिला गुंगी चढल्यावर. असल्या लोकांना स्वागत करायला लावायचं म्हणजे खांबाला नाचायला शिकवणं. पण पास्टरबाईंनी शिकवलं. हात मिळवा, हसा, कॉफी द्या. आणि मुख्य म्हणजे, कोण, कुठला, कशाला आलास, हे विचारायचं नाही. ‘देवाची कृपा चौकशी करत नाही,’ असं त्यांनी तीनतीनदा बजावलं. (आता मान खाली घालून लिहिताहेत. लिहा, लिहा.)

तशात जानेवारीत चर्चला ऊब देणारा तळघरातला बॉयलर मेला. दुरुस्तीवाला सोमवारी येतो म्हणाला होता. रविवारी आम्ही सगळे कोट-टोप्या घालून, पेंढा भरल्यासारखे बसलो होतो, तेवढ्यात दार उघडलं आणि एक धिप्पाड अनोळखी माणूस हातात लोखंडी पेटी घेऊन आत आला.

मंडळीच्या अंगावर काटा आला. नवीन माणूस!

आर्विड पुढे झाला, त्यानं हात धरला आणि हलवायला लागला. कधी थांबायचं ते कोणी शिकवलं नव्हतं, म्हणून हलवतच राहिला. माणूस म्हणाला, “मला तळघरात जायचंय.” आर्विड म्हणाला, “कॉफी नंतर. सगळ्यांनाच घाई असते.” स्वयंपाकघर बघणाऱ्या इंगरिदनं त्याच्या हातातली पेटी काढून घेतली. उपासनेनंतरच्या जेवणाला घरून भांडं भरून आलाय बिचारा, असं समजून तिनं ती स्वयंपाकघरात भट्टीत भाजलेल्या बटाट्याच्या हॉटडिशशेजारी नेऊन ठेवली, वर रुमालही झाकला. माणूस म्हणाला, “अहो, पण मी...” मी म्हटलं, “बाबा, तू कोण आहेस ते सांगायची इथे काही गरज नाही. बस.” बसला. आपल्याकडचाच असणार, आपल्याकडच्या माणसाला दोनदा नको म्हणता येतं, तिसऱ्यांदा जीभ वळत नाही.

तर असं आम्ही थंडीनं दात वाजवत, ज्या एका माणसाच्या हातात आमची ऊब होती त्याला गीतांचं पुस्तक देऊन बसवून ठेवलं. पास्टरबाईंचा उपदेश लांबला. (तो नेहमीच लांबतो. हेही लिहा.) मग प्रभुभोजनाची, पवित्र भाकर घ्यायची, रांग लागली. ही रांग तळघराकडे चालली असावी, असं वाटून तो तीत शिरला आणि थेट पास्टरबाईंसमोर निघाला. त्यांनी त्याच्या हातावर भाकर ठेवली, “ही तुझ्यासाठी,” म्हणाल्या. झालं! एवढा रेड्यासारखा माणूस, तिथेच उभ्या उभ्या रडायला लागला.

“घटस्फोट झाल्यापासून मला ही भाकर कोणी दिली नव्हती,” तो म्हणाला. “आणि मी तर तुमचा बॉयलर बघायला आलो होतो हो!”

सगळी मंडळी आपापल्या बुटांकडे बघायला लागली. शेवटी आर्विड खाकरला आणि म्हणाला, “मग आता बघ.”

त्यानं बघितला. दुपारी कॉफीच्या वेळी नळ्या गरम झाल्या, कोट उतरले, आणि नाताळानंतर पहिल्यांदाच आम्हाला कळलं की कोण किती जाड झालंय. पुढच्या रविवारी तो पेटी न घेता आला. गातो अतिशय बेसूर. आर्विड खूश आहे.

सांगायचं काय, तर त्याला कोणी काही विचारलं नाही, तुलाही कोणी विचारणार नाही. म्हणजे तू आलीस तर. तू येणार नाहीस, हे मला माहीत आहे.

तुझी,
बोर्गहिल्ड

ता. क. पास्टरबाई म्हणतात, हा आग्रहच झाला. मी म्हटलं, माहिती झाली. लग्न ईस्टरनंतरच्या शनिवारी दुपारी आहे, हीसुद्धा माहितीच.

ता. क. दुसरा. बसथांब्यावर आर्विड गाडी घेऊन उभा राहील. वाटेत एक शब्द बोलणार नाही. रागावलाय असं समजू नकोस, तो खुशीतच असेल.

ता. क. तिसरा, आणि खरं पत्र एवढंच. काल आयनार येऊन म्हणाला, “मावशीआजी, आजीच्या जागी पुढच्या बाकावर तू बसशील?” मी हो म्हटलं. तो बाहेर गेला आणि गाडी सुरू न करता नुसता आत बसून राहिला. मी खिडकीतून बघत होते. रागना, मी तुझ्या वाटची पुष्कळ कामं केली आहेत. लहानपणी तुझ्या कोंबड्यासुद्धा मीच कोंडायची. पण पुढच्या बाकावर बसून तुझ्या वाटचं रडणं माझ्याच्यानं होणार नाही. ते तूच येऊन रड.