कमरेखालचं पाणी

१ मार्च १९७६
सोलापूरला पोचले, आणि चक्क हसत पोचले. कॉन्व्हेंटात शिकलेली, तीस वर्षं मुंबईच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेली बाई साखर पेठेत टिकायची नाही, असं निरोप द्यायला आलेल्या प्रत्येकीने बजावलं होतं. न मागता मिळालेले सल्ले मी कुठे ठेवते ते त्यांना ठाऊक नाही. डॉक्टरांनी कोरडी हवा सांगितली, इथे ती भरपूर आहे. मागच्या दोन खोल्या, स्वतंत्र दार, पुढे फरशीचं अंगण. पलीकडे विणकरांच्या मागांची खटखट अखंड चालू. मला बरी वाटते. आमच्या एक्स्चेंजच्या हॉलमध्येही शांतता कधी नव्हतीच.

घरमालकीण मायाक्का. मूळची सांगोल्याकडची धनगराची लेक, नवरा गिरणीत. सामान उतरवता उतरवता तिने विचारलं, की बाई, एकल्याच व्हय? मी म्हटलं, एकटीच, आणि त्यात काही बिघडलेलं नाही. त्यावर तिने कडक भाकरीची चवड आणि शेंगाचटणी आणून दिली. बाई समजूतदार दिसते.

३ मार्च
सामान लावून झालं. आज सबंध अंगण झाडलं, पायाने कुरकुर केली नाही. याचं श्रेय पेटीला.

सहा वर्षांपूर्वी मणक्याचं ऑपरेशन बिघडलं, तेव्हापासून डावा पाय उकळत्या तेलात ठेवल्यासारखा जळतो. चार डॉक्टरांनी हा मनाचा खेळ ठरवला. त्यांतल्या एकाने मी लग्न केलं नाही याच्याशी त्याचा संबंध जोडला. त्याला मी जे ऐकवलं ते इथे लिहिण्याजोगं नाही. पाचवा परदेशात शिकून आलेला. त्याने पाठीच्या कण्यात, मज्जारज्जूला लागून एक बारीक तार बसवली आणि बरगडीखाली कातडीच्या आत एक चकती. बाहेरची पेटी माझ्या कमरेला: साबणाच्या डबीएवढी, आत ट्रान्झिस्टरचा सेल, वर फिरवायचं बटण, वायरीच्या टोकाला रबरी कडं. कडं चकतीवर चिकटवायचं, बटण फिरवायचं, की कमरेपासून तळव्यापर्यंत मुंग्या धावतात आणि जाळ त्यांच्याखाली झाकला जातो. जात नाही, झाकला जातो. मेंदूकडची लाइन बिझी ठेवायची, एवढंच. डॉक्टर उगाच चित्रं काढून दाखवत बसला.

पेटीवाचून मी दोन पावलं चालू शकत नाही. पेटी असली की मी कुणाची मिंधी नाही.

७ मार्च
संताप! वाकलं किंवा खोकलं की तारेतला झटका एकाएकी वाढतो, हे मला सवयीचं आहे. आज धुणं पिळताना तो वाढला आणि अंग थडथडलं. मायाक्काने हातातली घागर तिथेच टाकली नि मला हात जोडले. मग हळदीकुंकू. माझ्या कपाळावर, मला न विचारता!

मी पेटी काढून दाखवली, सेल दाखवला, वायर दाखवली. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, व्हय की, पेटीच हाय. मरीआईवालीबी पेटीच घिऊन फिरती की. पेटीबिगर द्येव कुटं ऱ्हातो?

मी कपाळ पुसलं आणि पेटी पुन्हा कमरेला लावली.

१२ मार्च, शुक्रवार
अंगणात बायका. डोक्यावर पदर, हातात लिंबं. शुक्रवार देवीचा, त्या दिवशी बाईच्या अंगात येतं, अशी बातमी मायाक्काने पेठभर केली आहे. मी त्यांना इंग्रजीत झाडलं, कॉन्व्हेंटातल्या सिस्टर अॅग्नेसच्या तोंडचे सगळे शब्द वापरून. उपयोग शून्य. एकीने दुसरीला कोपराने ढोसलं, की बघ गं, मरीआई गोऱ्या सायबाच्या बोलीत बोलाय लागली, आता आपुन काय कळून घ्यायचं? बाकीच्या पदराआड हसल्या.

एक हसली नाही. सारजाबाई, मायाक्काची मावसबहीण. तिची लेक बजा ऊसतोडीच्या टोळीबरोबर श्रीपूरकडे गेली होती. महिना झाला, पोर नाहीशी झाली. ती ट्रॅक्टरवाल्याचा हात धरून पळाली, असं सगळे म्हणतात, आणि बापाने तिचं नाव टाकलं आहे. सारजाबाईने विचारलं, की बाई, माजी पोर कुणासंगं गेली तेवडं सांगा.

पोलिसात जा, असं सांगायला मी तोंड उघडलं. त्याच वेळी झटका वाढला. मी बोलले ते असं: ती कुणाबरोबर गेली नाही. उसाच्या फडाच्या कडेच्या पडक्या विहिरीत आहे.

हे मी का बोलले ते मला माहीत नाही. मी कधी श्रीपूर पाहिलेलं नाही.

१६ मार्च
सापडली.

विहिरीत, काठच्या खडकावर, अर्धी पाण्यात. मायाक्काने सांगितलं, की हातातल्या हिरव्या बांगड्यांवरनं वळखली. गड्यांनी वर काढली तेव्हा कंबर मोडलेली होती. पाणी भरायला गेली आणि पाय घसरला असणार. त्या दिवशी टोळी मुक्काम हलवत होती. गाड्यांच्या आणि ट्रॅक्टरच्या आवाजात कुणाला काही ऐकू आलं नाही.

योगायोग. उसाच्या रानात विहिरी असतातच. मुलगी हरवली की माणसं आधी विहीरच बघतात. त्यांनी नव्हती बघितली, हा त्यांचा दोष.

१९ मार्च
मुंग्या बदलल्या आहेत. आज पेटी लावली तर मुंग्यांच्या मागून गारवा आला. आधी तळव्याला, मग घोट्यापर्यंत. पाय पुसला, कोरडा ठणठणीत. बटण बंद केलं, गारवा गेला, जाळ आला.

सेल बदलला. तेच.

२३ मार्च
गुडघ्यापर्यंत.

डॉक्टरांना ट्रंक कॉल लावला. ते म्हणाले, तार किंचित सरकली असेल, मुंबईला या. मी विचारलं, तार सरकली तर माणसाला दुसऱ्याची भाषा येते का? कारण सकाळी मायाक्काला मी म्हणाले, की वाईच पानी दे गं. मी! मराठीच्या तासालासुद्धा मी असं कधी बोलले नव्हते.

डॉक्टरांना वाटलं, लाइन खराब आहे.

२६ मार्च
सारजाबाई माझ्या दाराशी बसून आहे. उठत नाही. तिला लेकीचा शब्द ऐकायचा आहे. पळाली म्हणून ज्यांनी थुंकलं, त्यांना इथे आणून ऐकवायचं आहे. मी सांगितलं, की तुझी पोर इथे नाही, ही वीज आहे. ती म्हणाली, की बाई, तुमाला एक पाय जळतो तर सोसत न्हाय. माज्या पोरीची कंबर मोडली, ती किती हाका मारत आसंल? बोलू द्या की तिला.

मी दार लावून घेतलं.  

२८ मार्च
पेटी काढून कपाटात कुलूप लावून ठेवली आहे. कालपासून. जाळ — ओठ चावून रक्त आलं. पण ओठ माझे, रक्त माझं. वेदनेला मी इतकी वर्षं शिव्या घातल्या. आता तीच एक खूण आहे की आत मीच आहे.

दाराबाहेर ती बसलेली. ऐकते आहे.

३० मार्च
सोसलं नाही. लावली. थोडीशी, पार खालच्या आकड्यावर.

कमरेपर्यंत पाणी. खडक पाठीला टोचतो. वर गोल आभाळ आणि — कुणीच नाही. गाड्या चालल्यात. बैलांच्या घुंगरांचा आवाज लांब लांब —

बंद केली. मी बंद केली हे नक्की. बटण शून्यावर आहे, माझ्या डोळ्यांनी पाहते आहे.

गारवा जात नाही.

१ एप्रिल
सेल काढला. कडं उपटलं, कातडी सोलली. पेटी अंगणात फेकली. मायाक्काने पदराने पुसून देव्हाऱ्यात ठेवली, हळद वाहिली. मूर्ख बाई. भली बाई.

जाळ यायला हवा. अजून कसा येत नाही? सेल नाही, तार मेलेली, तर पाय जळायला हवा. चिमटा काढला. मग भर दुपारी चुलीतलं पेटतं लाकूड पायाला —

वास आला. दुखलं नाही.

देवा, माझं दुखणं मला परत दे. ते माझं आहे. जळू दे —

२ एप्रिल, शुक्रवार
अंगणात बायका. पुरुषही. सारजाबाई उंबऱ्यात. दार मी उघडलेलं नाही. माझ्या हाताने उघडलं. लिहिते आहे तोवर मी आहे, लिहीत राहायचं. माझं नाव, माझं नाव लिहायचं — मी टेलिफोनमध्ये — मी —

छातीपर्यंत.

हे सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत. बोलायचं नाही. दात आवळून — लिहीत राहा —

आये मी कुणासंगं गेले न्हाय गं. पाय निसटला. लई हाका मारल्या. आता कंबर दुकत न्हाय आये. ही बाई लई चांगली हाय, हिनं जागा दिली, ती वराडतीया पन आता हळूहळू