माझा अंगठा, तुझा हात

प्रिय सुदर्शन,

या हातांनी काय काय घडवलं ते आधी सांगतो. आईच्या देव्हाऱ्याची पितळी कडी. स्वारगेटच्या रसवंतीचा चरक. दवाखान्यांचे सलाइन स्टँड, त्यातला एकही डुगडुगत नाही. आणि कात्रजला आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये केलेली डायलिसिसची खुर्ची. पाठ मागे जाते, पाय वर येतात आणि हाताखालची फळी हव्या त्या कोनात वळून तिथेच थांबते. त्या फळीचा खटका मी कितीदा तरी मोडून पुन्हा केला. कॉलेजचं तोंड मी पाहिलं नाही; शिकलो ते चुकलेलं मोडून. तू शेडच्या दारात चहा पीत म्हणाला होतास, बाळ, तू बनव, मी विकतो.

विकलंस खरं. खुर्ची, शेड, नाव, सगळंच. हिंजवडीच्या काचेच्या ऑफिसात परदेशी पाहुण्यांना खुर्ची दाखवत होतास, तेव्हा एकाने माझ्याकडे बोट करून विचारलं, हे कोण? तू म्हणालास, आमचा वेल्डर. पाहुणे मान डोलवून पुढे गेले, आणि मी त्याच दिवशी बाहेर पडलो. तरी आजही खुर्ची अडली की डायलिसिस सेंटरवाले मलाच बोलावतात. तुझ्या कंपनीचा माणूस येतो, पण तो फोटो काढून जातो.

पुढे तुझी मूत्रपिंडं गेली आणि तू माझ्याच खुर्चीत येऊन बसलास. मी शेजारच्या खुर्चीखाली पाना घेऊन असायचो. तू ओळख दाखवायचा नाहीस. मी तुझा हात मात्र बघायचो. धमनी आणि शीर जोडून केलेला तो फिस्टुला. त्यावर सुई टोचायची जागा बदलत राहावी लागते. चैताली सिस्टर दर वेळी म्हणायची, काका, आज थोडं वर घेऊ या. तुझं ठरलेलं उत्तर, तिथेच टोच, तिथे दुखत नाही. स्वतःला न दुखणारी जागा शोधण्यात तू पहिल्यापासून हुशार. टोचून टोचून तिथली भिंत सैल झाली, आवळ्याएवढे दोन फुगे आले, वरची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी चकाकायला लागली. सर्जन तुझ्याजवळ उभे राहून म्हणाले, ऑपरेशन करून घ्या, हे फुटेल. तू म्हणालास, कंपनीचा वर्धापनदिन तेवढा होऊ दे.

फुगा फुटला तो सेंटरच्या लिफ्टपाशी. धार थेट भिंतीवर. तुझा ड्रायव्हर टॉवेलवर टॉवेल गुंडाळत होता. टॉवेल रक्त पितो, अडवत नाही. मी पाना टाकला, टॉवेल ओढून काढले आणि नेमक्या भोकावर अंगठा दाबला. ऑपरेशनच्या टेबलापर्यंत उचलला नाही. अंगठ्याखाली तुझं रक्त धडका मारत होतं. मनात आलं, सुदर्शन. जरा सैल सोडला असता तर कुणाला कळलं नसतं. तू टक लावून माझ्याकडे बघत होतास; माझ्या मनात काय आलंय ते तुला कळलं होतं.

सर्जननी काम चोख केलं. मी मुद्दाम विचारून घेतलं. झिजलेली कातडी आणि फुगलेली जादा भिंत कापली, आत ठरावीक जाडीची नळी ठेवून उरलेली भिंत तिच्यावर बेतून शिवली, मग नळी काढून घेतली. जखम भरेपर्यंत मानेत घातलेल्या नळीवर तुझं डायलिसिस भागवलं. फिस्टुला वाचला.

परवा तुझा शुभंकर माझ्या दुकानात आला. पोरगा नम्र आहे, आईवर गेलाय. म्हणाला, बाबांनी सांगितलंय, काकांचं काही देणं ठेवायचं नाही. तेव्हा कळलं, तुला माझ्यातून सुटायचंय. ते होणार नाही. मी दयेने वाचवलं असं उत्कर्षावहिनींना वाटतंय, तर वाटू दे. मेला असतास तर सुटला असतास. आता दर खेपेला बाही वर करशील, तो सरळ व्रण बघशील आणि मी वळवलेल्या फळीवर हात टेकशील. तो हात वेल्डरने राखलाय. शुभंकर नको म्हटलं तरी पाकीट टेबलावर ठेवून गेला, म्हणून हे पत्र. चेक सोबत परत आहे. पुढे ढकललेल्या वर्धापनदिनाला स्टेजवर शाल, आणि वर अकरा लाख रुपये, असा तुझा निरोप होता. शाल नको. अकरा लाखही नकोत.

तुझाच वेल्डर,
बाळ