तिसरा गोल

इब्री (ओमान), १० ऑक्टोबर १९९७

प्रिय उल्हास,
स. न. वि. वि.

उपांत्य सामन्याची कॅसेट पोचली. जाफर परवा सुट्टीवरून आला, पण निकाल आधी सांगायचा नाही हा आपला नियम त्याने पाळला. हसू मात्र त्याला लपवता येईना, म्हणून आम्ही त्याला दोन दिवस मागे माल उतरवायला लावलं.

आज जुम्म्याच्या नमाजनंतर दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि पांगारबंदरचे आम्ही सोळाजण तांदळाच्या पोत्यांवर बसलो. तुझी कॉमेंट्री सुरू झाली आणि चहा तसाच निवला. सुफियान मधल्या रेषेपासून चौघांना चुकवत निघाला आणि तिसरा गोल झाला, तेव्हा गजेंद्र सुताराने माझ्या पाठीत असा धपका घातला की अजून दुखतंय. आपण कॉलेजात होतो तेव्हा असा एक तरी होता का रे? तू तर बॅकला उभा राहून डास मारायचास, आणि आता खेळ शिकवतोस.

एक बातमी. माझ्या अर्बाबचा, म्हणजे मालकाचा, मेहुणा इथल्या सूर शहरात एका फुटबॉल क्लबचं काम बघतो. ते बाहेरच्या खेळाडूला पगारावर ठेवतात. मी अर्बाबला भाच्याची, सुफियानची, कॅसेट ऐकवली. त्याला मराठीचं अक्षर कळत नाही, तरी तिसऱ्या गोलाला उठून उभा राहिला. मेहुण्यालाही ऐकवू, इन्शाल्ला, म्हणाला.

हवाबीला इतक्यात बोलू नकोस. लोभ आहे तो तसाच ठेव.
तुझा,
इक्बाल


पांगारबंदर, ३० ऑक्टोबर १९९७

प्रिय इक्बाल,
स. न. वि. वि.

तुझ्या बहिणीला सगळं ठाऊक आहे. तू सुफियानला वेगळं पत्र घातलंस, ते त्याने आईला वाचून दाखवलं. तो आता वर्गात दिसत नाही. मैदानावर येतो, पण चेंडूला पाय घालत नाही. म्हणाला, सर, पाय मोडला तर सूर गेलं.

तो दुसऱ्या वर्षाला आहे. अंतिम सामना डिसेंबरअखेर, परीक्षा एप्रिलात. आपलं कॉलेज अंतिम सामन्याला पहिल्यांदाच पोचलंय. पदवीला दीड वर्ष उरलं. तेवढं थांब.

आणि इक्बाल, कॅसेट ती कॅसेट. मी बोलतो तेव्हा माझ्यासमोर मैदानापेक्षा तुम्हीच जास्त असता. एवढं लक्षात घे.

घरी सर्व ठीक. लोभ कमी होऊ देऊ नकोस.
तुझा,
उल्हास


इब्री, २१ नोव्हेंबर १९९७

प्रिय उल्हास,
स. न. वि. वि.

व्हिसा निघाला. दुकानाच्या नावावर, मदतनीस म्हणून. खेळ पाहिला की क्लब आपल्या नावावर करून घेईल, असं अर्बाबचा मेहुणा म्हणतो. नऊ डिसेंबरचं विमान आहे. क्लब आपल्या परीक्षेसाठी थांबत नाहीत.

जाफर माझ्याशी बोलत नाही. अंतिम सामन्याच्या तोंडावर आपलाच गडी आपणच पळवला, म्हणतो. सहा वर्षं आम्ही सगळे मिळून कॉलेजला जर्सी पाठवतो. मी म्हटलं, जर्सी तीच राहते, आतला माणूस बदलतो. तो म्हणाला, मग एकदा तू घालून उतर, पोट मावलं तर.

मंगळवारी दुकानात फोन आला होता. मी हॅलो हॅलो करत राहिलो. मागे एसटीचा हॉर्न वाजला आणि फोन बंद झाला. कोण होतं कळलं तर लिही.

लोभ आहेच. मनात राग ठेवू नकोस.
इक्बाल


पांगारबंदर, ८ डिसेंबर १९९७

प्रिय इक्बाल,
स. न. वि. वि.

फोन माझा होता. तुझा आवाज ऐकला आणि धीर झाला नाही.

तिसरा गोल मी सांगितला तसा झाला नाही. त्यांचा गोलकीपर चिखलात घसरला, चेंडू सुफियानच्या घोट्याला लागून आत गेला. मधल्या रेषेपासून कोणी निघालं नव्हतं. गुडघाभर चिखलात कोण कोणाला चुकवणार? निकाल मी कधी बदलला नाही, म्हणून सुट्टीवर आलेल्या कोणाला संशय आला नाही. बाकीचं मी घालत आलो. तुम्ही एवढ्या लांब पोत्यांवर बसून ऐकता. तुम्हाला चिखल काय पाठवायचा, असं वाटायचं.

पोरगा चांगला आहे. आपल्या तालुक्यापुरता चांगला आहे. कॅसेट पाठवण्याआधी तो माझ्याकडे बसून ऐकायचा. सुरुवातीला हसायचा. पुढे हसेनासा झाला.

आज सकाळी तो मुंबईला गेला. मी स्टँडवर होतो. तिथेही बोललो नाही.

लोभ मागायला आज तोंड नाही.
उल्हास


इब्री, २३ जानेवारी १९९८

प्रिय उल्हास,
स. न. वि. वि.

तुझं पत्र आलं, पण सूरला जाऊन आल्यानंतर.

मीच त्याला घेऊन गेलो होतो. वीस मिनिटं खेळवलं. मेहुण्याने त्याला बाहेर बोलावून स्वतःच्या हाताने पाणी दिलं. मग माझ्याजवळ आला आणि विचारलं, कॅसेटमधला तो दुसरा मुलगा कधी येणार आहे?

परतीच्या वाटेवर सुफियान एवढंच म्हणाला, मामू, मैदान फार कडक होतं.

मी इथे सांगितलंय, क्लबच्या जागा भरल्या होत्या. व्हिसा दोन वर्षांचा, दुकानाचा. तो तांदूळ तोलतो. परत जा, परीक्षेला बस म्हटलं, तर नको म्हणून मान हलवतो. स्टँडवर सगळं गाव सोडायला आलं होतं, म्हणतो.

लोभाचं नंतर बघू.
इक्बाल


पांगारबंदर, १९ फेब्रुवारी १९९८

प्रिय इक्बाल,
स. न. वि. वि.

अंतिम सामना ४-० ने हरलो. कॅसेट केली नाही. अर्धं गाव सुफियानला शिव्या देत घरी गेलं, अर्धं मला.

हवाबी विचारते, त्याचे सामने कोणत्या वारी असतात. मी शुक्रवार सांगितलाय. त्या दिवशी ती रोजा धरते.

जमेल तेव्हा लिही.
उल्हास


इब्री, १६ ऑक्टोबर १९९८

प्रिय उल्हास,
स. न. वि. वि.

जाफर पुन्हा बोलू लागला. दर जुम्म्याला जुनीच कॅसेट लागते. सुफियान आत तराजूपाशी असतो. तिसरा गोल आला की त्याचा हात थांबतो. त्या वेळी कोणी आत बघत नाही. गजेंद्रही आता धपका घालत नाही. मला वाटतं, सगळ्यांना कळलंय.

टेप झिजलीय, तुझा आवाज मधेच बुडतो. नवी पाठव. कशी का असेना, पाठव.

लोभ होता, आहे.
इक्बाल


पांगारबंदर, १२ नोव्हेंबर १९९८

प्रिय इक्बाल,
स. न. वि. वि.

यंदा कॉलेजचा संघ उतरला नाही. अकरा पोरं जमली नाहीत. सुफियानमागून चौघांनी पासपोर्ट काढले आणि गेले. जायला आता चेंडूही लागत नाही. तुम्ही पाठवलेल्या जर्सी कपाटात तशाच आहेत.

कॅसेट सोबत आहे. काल मैदानावर एकटाच बसून केली. ३-१ ने जिंकलो. चिखल नव्हता, मैदान सुकं आणि कडक होतं. सुफियान मधल्या रेषेपासून निघाला. शटर अर्धं ओढा आणि त्याला बाहेर बोलावून तुमच्यात बसवा.

लोभ असू दे.
तुझा,
उल्हास