चिमी वाण

बुधवार, संध्याकाळ. लोणावळा.

बाबांना जाऊन पंधरा दिवस झाले. रडू अजून आलेलं नाही. का येत नाही, कोण जाणे.

दुपारी आंदर मावळातले शेतकरी भाऊ आले होते. मी लहान असताना बाबा भातावरच्या संशोधनासाठी त्यांच्या खाचरात रोपांची उंची मोजायचे. तेव्हाची एक वही भाऊंकडे राहिली होती, ती द्यायला आले. निघताना म्हणाले, "ताई, एक इचारू? ह्यात 'चिमी' लिवलंय, त्ये वाण कुटं मिळंल? सायब म्हणायचे, लय चांगलं वाढतंय."

वही उघडली. रोपांच्या आकड्यांखाली दर महिन्याला, त्याच बारीक अक्षरात, चिमी. एकशे चार सेंटिमीटर. मग एकशे पाच.

चिमी म्हणजे मी. बाबा मला इथल्याच स्वयंपाकघराच्या चौकटीशी उभी करायचे आणि "टाचा टेकव, लबाडी नको" म्हणायचे. ते आकडे कामाच्या वहीत गेले, हे मला माहीतच नव्हतं.

भाऊंना खरं सांगायला हवं होतं का? मी म्हटलं, "त्याचं बियाणं आता मिळत नाही, भाऊ."

त्यांना वाईट वाटलं. मला काहीच वाटलं नाही.

ते गेल्यावर त्या चौकटीला पाठ लावून उभी राहिले. टाचा टेकवल्या.