ही बरी होईपर्यंत

३ मार्च
हिचे रिपोर्ट पाहून डॉक्टर म्हणाले, ट्रीट करता येईल. उत्तम. बाहेर येताच मुलगी रडायला लागली. म्हणे, बाबा, ते ट्रीट म्हणाले, क्युअर नाही. जन्मभर इंग्रजी मी शिकवलं आणि पोरगी मला शिकवतेय! ट्रीट म्हणजे उपचार करणं, क्युअर म्हणजे पूर्ण बरं करणं, हे सहावीत मीच तिच्याकडून घोकून घेतलं होतं. पण डॉक्टर लोकांचं इंग्रजी कच्चं. त्यांना क्युअरच म्हणायचं असणार.

५ मार्च
संकल्प. उद्यापासून घरातलं सगळं मी करणार. ही बरी होईपर्यंतच.

६ मार्च, सकाळ
वॉशिंग मशीन लावलं. माझे पांढरे शर्ट गुलाबी निघाले. आत हिचा लाल गाऊन होता म्हणे. ही हसत सुटली, मग धाप लागली. मशीन जुनं झालंय.

१४ मार्च
ही मशीनशेजारी स्टुलावर बसून शिकवते. पांढरे वेगळे, रंगीत वेगळे. मी म्हटलं, कशाला डोकेफोड, पुढच्या महिन्यात तूच लावणार आहेस. हिने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

२ एप्रिल
हिचं वजन उतरलंय. बरंच झालं, गुडघ्यांवरचा भार कमी. मे महिन्यासाठी डोंगरावरचा बंगला बुक केला. मुलीला फोनवर सांगितलं तर म्हणाली, नंतर बघू. जावयाला रजा मिळत नसेल.

१९ एप्रिल
स्टूल रिकामं. शिकवणी आता पलंगावरून.
डॉक्टरांना भेटून दोन शब्दांतला फरक समजावला, वर्गात समजावायचो तसा. म्हटलं, चुकून ट्रीट म्हणालात, सुधारून घ्या. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. चूक कबूल करायची ही काय पद्धत झाली?

२६ एप्रिल
हिला विचारलंच, त्या दिवशी डॉक्टर काय म्हणाले ते तुला कळलं होतं का.
"अहो, तेव्हाच कळलं. म्हणून तर मशीन शिकवत होते."
मशीन लावायला गेलो. साबण घालायचा विसरलो.

२१ मे
बंगल्याचं बुकिंग रद्द केलं.
आज शर्ट पांढरेशुभ्र निघाले, एकही डाग नाही. हिला दाखवायला म्हणून हातात घेऊन आत गेलो. पलंगावर गादी गुंडाळून ठेवलेली. मुलगी कपाट आवरत होती. तिने विचारलं, बाबा, काय हवंय. म्हटलं, काही नाही.
मग कपडे वाळत घालायला गेलो. ही चिमटे कुठे ठेवते, ते विचारायचं राहून गेलं.